पीसीओएस आणि तपासणीची तारीख

नमस्कार मायबहिणींनो आणि भाऊंनो. पाळी दोन-दोन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओएस (बीज वेळेवर न पिकण्याचा अंडाशयाचा हार्मोनचा त्रास) निघालं आणि दिवस राहत नाहीत, अशा घरांसाठी आजचं हे बोलणं.

एरवी पस्तिशीच्या आतल्या बाईला एक वर्ष आणि त्यापुढच्या बाईला सहा महिने प्रयत्न करून मग तपासणीला या, असं सांगतात. पाळी मुळातच अनियमित असेल तर एवढं थांबू नका. पीसीओएसमध्ये अंडाशयात बीजं भरपूर असतात. ती दर महिन्याला पिकून फुटत नाहीत, एवढाच अडसर. वांझ म्हणून कुणी बोललं तर त्याला हेच ऐकवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. लाल रक्तस्राव नीट सुरू झाला तो पाळीचा पहिला दिवस. आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. एफएसएच आणि एलएच, म्हणजे बीज पिकवणारी आणि फोडणारी हार्मोनं, यांसाठी रक्त दुसऱ्या ते चौथ्या दिवशी देतात. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज) कोणत्याही दिवशी चालतं, म्हणून तेही त्याच सुईत काढून घ्या. बसभाडं आणि मजुरी एकदाच जाईल. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा, त्यानं हार्मोनचे आकडे चुकू शकतात. आणि एएमएच जास्त आलं म्हणजे दिवस लवकर राहतील, असं नाही. पीसीओएसमध्ये ते बहुधा जास्तच येतं.

पाळीच येत नसेल तर आधी आशाताईकडून निश्चय किट घेऊन गरोदरपण नाही ना, ते पाहा. मग डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणतात.

आता एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन. बीज फुटलं की नाही, ते यात कळतं. मिलिलिटरमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला तर फुटलं. पण एकविसावा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमची पाळी ४० दिवसांनी येत असेल तर बीज साधारण सव्विसाव्या दिवशी फुटेल आणि तपासणी तेहतिसाव्या दिवसाच्या आसपास हवी. एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमीच येणार, आणि बाई उगीच रडत घरी जाणार. म्हणून चिठ्ठीवर २१ लिहिलेलं दिसलं की तिथंच सांगा, माझी पाळी इतक्या दिवसांनी येते.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या, लघवीतलं एलएच पाहणाऱ्या बीज फुटण्याच्या पट्टीवरही भिस्त ठेवू नका. पीसीओएसमध्ये एलएच आधीच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी बीज न फुटताही होकार दाखवते. सोनोग्राफीनं बीजकोशाची वाढ पाहणं जास्त भरवशाचं. साधारण दहाव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड बोलावतात. कोश १८ ते २० मिलिमीटरचा झाला की फुटायच्या बेतात येतो. खेपा बऱ्याच होतात, म्हणून ही सोय तालुक्याला आहे का, ते आधी विचारा.

साखरेची तपासणीही करायचीच. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात बसून राहायचं. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. तो आजार असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी फसवते, ग्लुकोजचीच करा. नवराबायको दोघांचीही सिकलसेल तपासणी आत्ताच उरका. दोघं वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

भाऊंनो, तुमची वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी. बाईच्या गर्भाशयाच्या नळ्या तपासून झाल्यावर नवऱ्याची आठवण येते, हे बरोबर नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो, म्हणून गाव लांब असेल तर तिथंच द्या. पहिला थेंब सांडला तर लपवू नका, त्यातच शुक्रजंतू जास्त असतात. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. रिपोर्ट बिघडलेला आला तर पुन्हा तपासतात.

नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत करतात. त्या पाळीत तोवर संबंध टाळा. पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्यानं नळ्या बंद होऊ शकतात. दुखण्याची गोळी तासभर आधी घ्यायची का, ते विचारून ठेवा, आणि सोबत कुणी न्या. नंतर ताप आला, पोट फार दुखलं किंवा घाण वासाचा स्राव झाला, तर सकाळच्या बसची वाट न पाहता रुग्णालय गाठा.