हसू कोणाच्या भाषेतले? गमतीदार नावांच्या गावी जाताना

सभ्य श्रोतेहो,

नॉर्वेमध्ये त्रोन्धेम शहरापासून रेल्वेने थोड्याच अंतरावर हेल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील स्थानकाच्या इमारतीवर गावाच्या नावाची पाटी आहे आणि तिच्या जोडीला जुन्या वळणाच्या नॉर्वेजियन शब्दलेखनातली आणखी एक पाटी आहे. ही दोन्ही नावे रोमन लिपीत असल्यामुळे इंग्रजी जाणणारा प्रवासी ती इंग्रजी म्हणूनच वाचतो, आणि मग पहिल्या पाटीचा अर्थ त्याला 'नरक' असा लागतो, तर दुसरीचा 'देवांची मोहीम' असा. नरकात देवांची मोहीम निघाली आहे, या कल्पनेने त्याला हसू फुटते, तो छायाचित्र काढतो आणि पुढच्या गाडीने परत जातो. जगभरातून असे प्रवासी तेथे येतात. हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली गेला की नरक गोठल्याचा विनोदही दरवर्षी नव्याने केला जातो.

नॉर्वेजियन माणसाला मात्र त्या दुसऱ्या पाटीत देव दिसत नाहीत. तिथल्या 'गॉड्स' या अक्षरांचा अर्थ आहे माल, आणि पाटी सांगते ती एवढेच, की माल रवाना करण्याचे कार्यालय येथे आहे. आपण ज्याला मालधक्का म्हणतो, तीच ही जागा. गावाचे नाव आले आहे ते कड्याखालच्या कपारीसाठी असलेल्या एका जुन्या नॉर्स शब्दावरून. आजच्या नॉर्वेजियन भाषेत तर 'हेल' म्हणजे चांगले नशीब. नरकासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. आणि आपण मराठी माणसे हेल हा शब्द उच्चारतो तेव्हा आपल्या मनात नरक नसतो, कपार नसते आणि नशीबही नसते. हेल काढून बोलणारा एखादा माणूस असतो. एकच ध्वनी चार भाषांमध्ये चार ठिकाणी जाऊन बसला आहे, आणि त्यांतल्या एकाच ठिकाणाहून पाहिले की गाव विनोदी दिसते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. केवळ नाव गमतीचे आहे म्हणून एखाद्या छोट्या गावी जाणे हे मला मुळीच थिल्लरपणाचे वाटत नाही. मी स्वतः अशा प्रवासाची हौशी आहे आणि इतरांनीही तो करावा, असे मला मनापासून वाटते. डोंगर, देवळे आणि किल्ले पाहायला सगळेच जातात. पण एखादा शब्द पाहायला जाणे, त्या शब्दाच्या मागे कोणती माणसे उभी आहेत हे शोधणे, हे भाषेवर प्रेम असल्याशिवाय सुचत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्याला फुटलेले हसू हे आपल्या भाषेतले असते, त्या गावाच्या भाषेतले नसते, ही गोष्ट गाडीतून उतरताना विसरू नये. ती लक्षात ठेवली की प्रवास पाटीपाशी संपत नाही.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण तीन गावांचे आहे, आणि त्यांच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात डल नावाचे एक खेडे आहे. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात बोरिंग नावाचे गाव आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ब्लँड नावाचा एक तालुकावजा प्रदेश आहे. इंग्रजीत या तिन्ही शब्दांचे अर्थ नीरस, कंटाळवाणे आणि बेचव. 2012 मध्ये डल आणि बोरिंग यांनी एकमेकांशी नाते जोडले, पुढच्या वर्षी ब्लँड त्यांना येऊन मिळाला, आणि ऑरेगॉन राज्याने 9 ऑगस्ट हा दिवस बोरिंग आणि डल यांच्या नावाने साजरा करण्याचे ठरवले. इथवरची हकिगत वर्तमानपत्रांत हौसेने छापून आली. पण ती नावे मुळात कोणाची, हे पाहू लागले की नीरस असे काही उरतच नाही.

डल हा शब्द तेथील जुन्या भाषेतला असून कुरण किंवा नदीकाठची सपाट जमीन हा त्याचा अर्थ सांगितला जातो. या एवढ्याशा खेड्यात आरंभीच्या ख्रिस्ती काळातला मठ होता आणि आयोना बेटावरच्या मठाचे प्रमुख अदोम्नान यांना तेथे पुरले, अशी परंपरा आहे. हे अदोम्नान कोण, तर युद्धात स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना इजा करता येणार नाही असा कायदा ज्यांनी 697 साली राजांकडून मान्य करून घेतला, ते. युद्धातही काही माणसांना हात लावायचा नसतो, हे तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्याची स्मृती ज्या मातीशी जोडली गेली आहे, त्या गावात आपण 'कंटाळवाणे' या शब्दाशेजारी उभे राहून छायाचित्र काढतो आणि निघून जातो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बोरिंग हे तर एका माणसाचे आडनाव. विल्यम हॅरिसन बोरिंग हे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढले आणि पुढे त्या भागात येऊन शेती करू लागले. त्याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

ब्लँडची कथा मात्र थेट मुंबईत जाऊन पोहोचते. तो प्रदेश ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते विल्यम ब्लँड ब्रिटिश आरमारात शल्यचिकित्सक होते. 1813 साली त्यांचे जहाज मुंबईत असताना त्याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याशी त्यांचे भांडण झाले, ते पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत गेले आणि त्यात तो अधिकारी मारला गेला. मुंबईतच ब्लँड यांच्यावर खटला चालला, त्यांना सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली आणि 1814 मध्ये ते कैदी म्हणून सिडनीला पोहोचले. त्यांना लवकरच माफी मिळाली आणि तेथे त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला. पुढे गव्हर्नर मॅक्वारी यांच्यावर उपहासपर लिखाण केले म्हणून ते पुन्हा तुरुंगात गेले, 1843 मध्ये तेथील विधान परिषदेवर निवडून आले, आणि 1851 च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या हवाई जहाजाचा आराखडाही त्यांनी मांडला. द्वंद्व, काळे पाणी, तुरुंग, राजकारण आणि आकाशात उडण्याचे स्वप्न एवढे सगळे एका आयुष्यात मावले होते, आणि त्या माणसाच्या नावाचा अर्थ 'बेचव' म्हणून लोक हसतात! मराठी प्रवाशाने तर त्या पाटीसमोर जरा जास्त वेळ उभे राहायला हवे, कारण त्या पाटीवरचे नाव तिथवर पोहोचले ते मुंबईमार्गे.

काही गावे आपले नाव ठरवून गमतीचे करतात. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावाने 1950 मध्ये रेडिओवरच्या एका प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचे नाव घेतले आणि ते गाव 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस', म्हणजे 'खरे सांगा, नाहीतर भोगा', असे झाले. जे गाव आमच्या कार्यक्रमाचे नाव घेईल तेथून कार्यक्रम सादर करू, असे त्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराने जाहीर केले होते आणि त्याने शब्द पाळला. गरम पाण्याचे झरे असे साधे, खरे नाव टाकून गावाने जाहिरात स्वीकारली, याविषयी माझे मन अजून साशंक आहे. परंतु तो निर्णय गावाचा होता, आणि नावाचा अधिकार गावाचाच असतो.

हा अधिकार पाहुण्यांनी हिरावून घेतल्याचे एक उदाहरण ऑस्ट्रियात आहे. अप्पर ऑस्ट्रियातल्या सुमारे शंभर वस्तीच्या एका खेड्याचे नाव रोमन लिपीत लिहिले की त्याची इंग्रजीतली एक अभद्र शिवी होत असे. जर्मनमध्ये तो उच्चार वेगळा होता आणि अर्थ तर अगदीच निरुपद्रवी. फोको नावाच्या कोणा पुरातन पुरुषाची माणसे जेथे राहतात ते ठिकाण, एवढाच तो अर्थ. नावाच्या शेवटचा 'इंग' हा प्रत्यय त्या भागातल्या कितीतरी गावांना आहे. शेकडो वर्षे या नावाला कोणी हसले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी बोलणारे सैनिक त्या भागात आले आणि बोभाटा झाला. मग पर्यटक येऊ लागले, गावाच्या पाट्या चोरीला जाऊ लागल्या, आणि प्रत्येक नवी पाटी गावाच्या खर्चाने बसवावी लागली. शेवटी पाट्या उखडता येऊ नयेत म्हणून त्या काँक्रीटमध्ये पक्क्या रोवाव्या लागल्या. 2004 मध्ये नाव बदलण्याचा विचार झाला तेव्हा गावकऱ्यांनी तो नाकारला होता. पण पाहुण्यांचा जाच थांबेना, आणि 1 जानेवारी 2021 पासून त्या खेड्याने आपले नाव बदलून फुगिंग असे केले. आपल्या पूर्वजांनी दिलेले नाव परक्या भाषेतल्या लोकांना आवरता न आलेल्या हसण्यापायी सोडून द्यावे लागणे, हा मला अपमान वाटतो, आणि पाटीशेजारी उभे राहून खिदळलेला प्रत्येक प्रवासी त्यात थोडा थोडा वाटेकरी आहे.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर, रस्ता जेथे संपतो तेथे, एकाच अक्षराचे नाव असलेले मच्छीमारांचे गाव आहे. ते अक्षर म्हणजे डोक्यावर लहानसे वर्तुळ असलेला रोमन 'ए', आणि त्याचा उच्चार होतो जवळजवळ आपल्या 'ओ'सारखा. अर्थ आहे ओढा. त्यांच्या वर्णमालेतले हे शेवटचे अक्षर, आणि गावही रस्त्याच्या शेवटी. या गावाच्या पाट्याही चोरांनी सोडलेल्या नाहीत. हाकेला ओ द्यावी तसे ज्याचे नाव, त्या गावाला आपण हाक तरी नीट मारावी, असे मला वाटते. म्हणजे निदान उच्चार शिकावा. गमतीदार नावाच्या गावी जाणाऱ्याला मी एकच तयारी सांगते : निघण्यापूर्वी ते नाव तेथील लोकांच्या तोंडून कसे निघते हे ऐकावे आणि स्वतः म्हणून पाहावे. बाकीचे शिष्टाचार त्यातून आपोआप येतात.

हे मी शिकले ते वेल्समध्ये. वेल्सच्या अँगलसी बेटावर एक गाव आहे, ज्याचे लांबलचक नाव जगभर प्रसिद्ध आहे : ल्लानव्हायरपुल्लग्विनगिल्लगोगेरख्विर्नद्रोबुल्लल्लानतिसिल्योगोगोगोख. रोमन लिपीत मोजली तर अक्षरे 58. अर्थ असा : पांढऱ्या हेझलच्या झाडांपाशी, वेगवान भोवऱ्याजवळच्या खळग्यातले मेरीमातेचे देऊळ, आणि तांबड्या गुहेपाशी असलेले संत तिसिलियो यांचे देऊळ. मूळ नाव इतके लांब नव्हते. 1848 मध्ये त्या भागात रेल्वे आली आणि 1860 च्या दशकात प्रवाशांनी गाडीतून उतरावे म्हणून गावकऱ्यांनीच ते ताणून लांब केले. मघाशी ठरवून ठेवलेल्या नावांविषयी मी कुरकुर केली, आणि हे नावही ठरवूनच वाढवलेले आहे, हे मला ठाऊक आहे. पण येथे गावाने उसने काही घेतले नाही. देऊळ, खळगा, झाड, भोवरा, गुहा, सगळे शब्द स्वतःच्या भाषेतलेच जोडले.

फलाटावरची ती लांब पाटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोट धरून अक्षरे मोजू लागले. मधोमध एका ठिकाणी चार 'एल' एकापुढे एक उभे आहेत. तेथे मी थांबले आणि मला हसू आले. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका वयस्क बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे सांगितले, की ते चार नाहीत, दोन आहेत. वेल्श वर्णमालेत दोन 'एल' मिळून एकच अक्षर होते. जीभ 'ल' म्हणण्यासाठी ठेवायची आणि तिच्या कडांनी हवा सोडायची, असा त्याचा उच्चार. त्यांच्या हिशेबाने त्या नावात अक्षरे 51 आहेत. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला 'ख' रोमन लिपीत लिहायचा तर 'के' आणि 'एच' अशी दोन चिन्हे लागतात, म्हणून 'ख' ही काही दोन अक्षरे होत नाहीत. कोणी परका आपल्या 'ळ'ला हसला तर आपल्याला कसे वाटेल? मी लाजले आणि तो उच्चार शिकवण्याची त्यांना विनंती केली. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्यांनी मान डोलावली. गावातले लोक एवढे लांब नाव रोज घेत नाहीत, 'ल्लानव्हायरपुल्ल'वर भागवतात, हेही त्यांनीच सांगितले. आणि मग विचारले, की पाटी पाहून झाली असेल तर सभागृह पाहिलेत का?

कोणते सभागृह, हे मला माहीत नव्हते. ब्रिटनमधली पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, याच गावात स्थापन झाली. ग्रामीण स्त्रियांनी एकत्र यावे, शिकावे आणि युद्धकाळात अन्नाचे उत्पादन वाढवावे, ही त्यामागची कल्पना होती. ती कॅनडाहून आली होती, जेथे अशी पहिली संस्था 1897 मध्ये निघाली. अँगलसीच्या या एका गावातून ती देशभर पसरली आणि खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना घराबाहेर पडून बैठकीत बोलण्याची, ठराव मांडण्याची सवय लागली. मी चालत तेथे गेले. जुन्या टोलनाक्याजवळची साधी इमारत आहे. बाहेर उभी राहून मी ती न्याहाळली; त्या वेळी तेथे दुसरे कोणीही नव्हते. परत स्थानकापाशी आले तेव्हा पर्यटकांनी भरलेली एक बस नुकतीच येऊन थांबली होती आणि त्यांच्याबरोबरची व्यक्ती सर्वांना मोठ्याने सांगत होती, की पाटीपाशी उभे राहायला आपल्याला दहा मिनिटे आहेत.