स्वर्गीय पिता आणि दोन गोरी पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणीस वर्षांचा मुलगा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळी पट्टी. पट्टीवर लिहिलेलं असतं ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड धड फुटलेलं नाही, आणि वडीलधारा! हसू येतं ना? मलाही यायचं. २००५ साली आम्ही अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो गावात राहत होतो, तेव्हा ही वडीलधारी पोरं मी रोज बघायची. ह्यांची पीएच. डी. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात चालली होती आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात. खिडकीतून डोंगर दिसायचा, डोंगरावर भला मोठा पांढरा ‘वाय’ रंगवलेला. तो बघत भांडी घासायची, हा माझा दिनक्रम.

तर ही मुलं मॉर्मन मिशनरी. त्यांच्या चर्चचं नाव लांबलचक आहे, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव आता त्यांच्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे खऱ्या वडीलधाऱ्यांना, फारसं रुचत नाही. पण रेडिओवर मला दिलेली मिनिटं मोजकी आहेत, म्हणून मी मॉर्मनच म्हणते.

विद्यापीठाला लागूनच यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. सगळे त्याला एमटीसी म्हणतात. परदेशी जाण्याआधी मुलं तिथे राहतात. इंग्रजीतच काम करायचं असेल तर थोडे आठवडे, नवी भाषा शिकायची असेल तर महिना-दोन महिने. जायचं कुठे, हे मुलगा ठरवत नाही, आईबाप तर नाहीच. सॉल्ट लेक सिटीहून चर्चचं पाकीट यायचं. सगळं घर गोळा करून ते फोडायचं. आत ब्राझील निघेल, तैवान निघेल, नाहीतर शेजारचं आयडाहो निघेल. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. पगार नाही. उलट तेव्हा महिन्याला चारशे डॉलर घरूनच भरायला लागायचे. पुन्हा सांगते, पगार नाही, पैसे आपलेच. त्या वेळी मुलांना एकोणीस आणि मुलींना एकवीस पूर्ण लागायची, २०१२ मध्ये ती अट अठरा आणि एकोणीसवर आणली.

आत शिस्त म्हणजे शिस्त. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळात आणि मदर्स डेला. आता २०१९ पासून दर आठवड्याला करू देतात, पण तेव्हा नव्हता. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकटं राहायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला असतो. जेवायला, वर्गात, चालायला दोघं मिळून. एकटं फक्त न्हाणीघरात. पहिल्या दिवशी नव्या मुलाच्या पट्टीवर नारिंगी ठिपका चिकटवायचे, म्हणजे तो बावरला असेल तर जुन्यांनी ओळखून मदत करावी. आपल्याकडे कॉलेजात नव्या मुलाला ओळखतात, ते कशासाठी, ते मी सांगायला नको.

आठवड्यात एक दिवस मोकळा. मोकळा म्हणजे काय, तर त्या दिवशी कपडे धुवायचे, पत्रं लिहायची. मला हे फार आवडायचं. आपल्याकडे इंजिनिअर झालेली मुलं शनिवारी हॉस्टेलवरून मळक्या कपड्यांचं गाठोडं आईकडे आणतात आणि आई कौतुकानं धुते. असो. हा विषय निघाला की माझं भाषण वेगळीकडे जातं.

भाषेचं मात्र सांगायलाच हवं. पन्नासच्या वर भाषा तिथे शिकवतात, आणि शिकवायची तऱ्हा अशी की पहिल्या आठवड्यातच बोलायला लावायचं. चुका, अडखळा, पण बोला. जेवणाच्या रांगेतसुद्धा तीच भाषा. आपण शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजीची क्रियापदं चालवली आणि बोलायची वेळ आली की घसा कोरडा! या चर्चनं आपल्याकडेही माणसं धाडली होती बरं का. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईला उतरला आणि पुण्याच्या छावणीपर्यंत पोचला. त्याला बिचाऱ्याला असलं केंद्र नव्हतं.

आता खरी गोष्ट. ही सांगायलाच मी आलेय.

त्या केंद्रात सरावासाठी गावातल्या, ती ती भाषा येणाऱ्या लोकांना बोलवायचे. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, फिजीला जाणारी दोन मुलं हिंदी शिकतायत, येशील का? फिजीत गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, होऊन गेलेल्या आपल्या लोकांची वस्ती, त्यामुळे हिंदी. मी गेले. छोटी खोली, दिवाणखान्यासारखी मांडलेली. सोफा, टेबललॅम्प, प्लास्टिकची फुलं. मी घरातली बाई, त्यांनी दार वाजवायचं. मला सांगून ठेवलं होतं, तुम्हाला देवाबद्दल फारसं माहीत नाही असं दाखवा. म्हटलं, बघते.

टकटक झाली. एक उंच, टायची गाठ कानाकडे गेलेली. दुसरा बुटका, हातात खिशात मावेल एवढी वही.

“नमस्ते. क्या हम अंदर आ सकते हैं?”

मी सवयीनं म्हटलं, “बैठिए. चाय लेंगे?”

“नहीं, धन्यवाद,” दोघं एकदम. त्यांना चहाही चालत नाही, कॉफीही नाही. हे वाक्य मात्र घोटून घेतलेलं होतं.

मग उंच मुलगा पुढे सरकला, घाम पुसला आणि म्हणाला, “क्या आप जानती हैं कि आपके स्वर्गीय पिता आपसे बहुत प्यार करते हैं?”

त्याला म्हणायचं होतं, आकाशातला देवबाप. इंग्रजीतून शब्दाला शब्द लावला की तसंच होतं. पण हिंदीत काय, मराठीत काय, स्वर्गीय पिता म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझे दादा त्याआधी आठ महिन्यांपूर्वी गेले होते. तिकडे रात्र, इकडे दुपार, फोनवर कळलं. ह्यांची परीक्षा, व्हिसाची भानगड, मला जाता आलं नव्हतं. प्रोव्होत कुणाला सांगितलंही नव्हतं. मी भांडी घासत राहिले.

“क्या आप उनसे बात करती हैं?” त्यानं पुढचा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, “हाँ. रोज़ करती हूँ. आठ महीने हुए उन्हें गुज़रे हुए.”

“बहुत अच्छा!” बुटका आनंदानं म्हणाला.

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. त्यांना काही कळेना. मी सावकाश म्हटलं, “मेरे पिताजी. मृत्यु.”

श्रोतेहो, माणूस मानेपासून कानापर्यंत लाल होताना मी तेव्हा पाहिला. इंग्रजी बोलायचं नाही, हिंदीत शब्द नाहीत. बुटक्यानं वही मिटली आणि खाली गालिच्यावर ठेवली. उंच मुलगा बऱ्याच वेळानं म्हणाला, “मेरा... दादा. मार्च में.” त्याचा दादा म्हणजे आजोबा, माझे दादा म्हणजे वडील. मी मान हलवली. मग आम्ही तिघं खाली बघत बसलो. त्या गावात माझ्याकडे समाचाराला आलेली ही पहिली माणसं.

शेवटी बुटक्यानं विचारलं, “प्रार्थना?” मी हो म्हटलं. त्यानं डोळे मिटले, हात बांधले. “हमारे प्यारे स्वर...” आणि थांबला. एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बोलो, बोलो.” पोरानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “हमारे प्यारे... आसमान वाले पिता.”

निघताना ‘फिर मिलेंगे’ म्हणायचं, असं धड्यात होतं. ते दोघं दारात थांबले, मान लववली आणि न बोलता गेले. समाचाराला आलेल्या माणसानं निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

बाहेर त्यांचा शिक्षक फॉर्म घेऊन उभा होता. म्हणाला, निरोपाचं वाक्य विसरले ना?

मी म्हटलं, नाही हो, नाही विसरले.

नमस्कार.