काकूंच्या बोटाची पट्टी

परभणी, रात्रीचे दोन. काका उठलेत, बॅग शोधायलेत, गंगाखेडची पहिली गाडी हाय म्हणतात. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर होऊन १४ वर्षं झाली, पण डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि भान जात राहण्याचा आजार, झाल्यापासून ड्युटी रोज रात्रीच लागते. काकूंनी दाराच्या कडीला स्टीलचा तांब्या बांधलाय, काकांचा हात लागला की तो खडखडतो आणि काकू उठतात, म्हणजे तशा त्या झोपलेल्याच नसतात.

"अहो, आज सुट्टी हाय तुमची, बसा जरा." काका बसतात. गल्लीतले म्हणतात म्हातारचळ लागलं, आणि हे ऐकून काकूंचा जीव लई तुटतो.

आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा काकूंच्या बोटाला पट्टी होती, विळीवर भेंडी चिरताना कापलेलं. महिन्यानं परत गेलो तर पट्टी तशीच. शुगर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले झोप नाही, धड जेवण नाही, भरणार कशी जखम?

१९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये हेच तपासून पाहिलं होतं. घरात डिमेन्शियाचा पेशंट सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या १३, सगळ्यांच्या हातावर सारखीच बारीक जखम केली, तर सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. सततच्या ताणानं शरीराची डागडुजीच मंदावते. आणि १९९९ चा दुसरा अभ्यास तर झोप उडवणारा आहे, आजारी जोडीदाराचं करता करता ताणाखाली आलेल्या ६६ ते ९६ वयाच्या लोकांमध्ये, ज्यांच्यावर अशी जबाबदारी नव्हती त्यांच्यापेक्षा ४ वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त दिसला.

हा आकडा काकूंना सांगायचा का, यावर आम्ही गाडीत लई बोललो. नाही सांगितला. पुण्याला पोराला फोन करून सांगितला. मराठवाड्यात घरोघरी हेच आहे, पोरं पुण्याला आणि घरी दोघंच. तो रोज फोन करायचा, रोज विचारायचा बाबा कसेत. आई कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं, असं म्हणून फोनवर बराच वेळ गप्प बसला.

आठ दिवसांची सुट्टी टाकून आला. तेव्हा कळलं, काकूंची बीपीची गोळी चार महिन्यांपासून बंद, काकांना एकटं टाकून मेडिकलवर जाणार कोण? त्यानं बाबांजवळ शेजारच्या मामांना बसवलं आणि आईला दवाखान्यात नेलं. इतकी वर्षं काकू तिथं काकांची फाईल घेऊन जायच्या, आज पहिल्यांदा त्यांच्या नावाचा केसपेपर निघाला. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला तर काकू म्हणाल्या, "माझं काय बघता, माय?"

बीपी वरचं १८० निघालं.