शून्याला काय म्हणायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय कानावर पडताच काही घरांत रेडिओचा आवाज जरा कमी होईल, याची मला कल्पना आहे. करा कमी, हरकत नाही, पण बंद करू नका. विषय शरीराचा आहे खरा, पण मला बोलायचंय ते लैंगिक सुखाच्या मोजमापाबद्दल.

मी युरॉलॉजीत, म्हणजे मूत्ररोगशास्त्रात, संशोधनाचं काम करते. ऑपरेशन दुसरे करतात, मी नंतर प्रश्न विचारते. काही माणसांचं जन्मतः मिळालेलं शरीर आणि त्यांना आतून जाणवणारा लिंगभाव यांचा मेळ बसत नाही. त्यांच्यापैकी काही जण तो मेळ बसवणारी शस्त्रक्रिया करून घेतात. सगळेच नाही, आणि करून घेणारेही सगळे एकच ऑपरेशन करत नाहीत. या कामात प्लास्टिक सर्जनच्या जोडीला बहुधा युरॉलॉजिस्ट असतो, कारण मूत्रमार्ग हलवावा लागतो. ट्रान्स स्त्रीच्या, म्हणजे पुरुषाचं शरीर घेऊन जन्मलेल्या स्त्रीच्या, बाबतीत तो आखूड करायचा, ट्रान्स पुरुषाला, म्हणजे स्त्रीचं शरीर घेऊन जन्मलेल्या पुरुषाला, उभ्यानं लघवी करायची असेल तर लांबवायचा. लांबवलेला मार्ग जुन्या-नव्याच्या सांध्यापाशी आकसतो, कधी मध्येच गळतो. ही या शस्त्रक्रियेची नेहमीची डोकेदुखी.

पण ती मोजता तरी येते. एका नरसाळ्यासारख्या यंत्रात लघवी करायची, सेकंदाला किती मिलिलिटर याचा आलेख समोर येतो. आलेखाचा डोंगर सपाट झाला की समजायचं, कुठेतरी अडतंय. लैंगिक सुखाला असं नरसाळं नाही. तिथं असतो कागद आणि पेन.

जगभर वापरात असलेले दोन कागद आहेत. पुरुषांसाठीचा 1997 साली प्रसिद्ध झाला, 15 प्रश्नांचा. ताठरतेवरच्या नव्या गोळ्यांची तपासणी तेव्हा चालू होती आणि औषधाचा गुण मोजायला काहीतरी हवं होतं, त्यातून तो आला. स्त्रियांसाठीचा 2000 साली आला, 19 प्रश्नांचा. इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च क्षण, समाधान आणि वेदना असे त्याचे सहा भाग. एकूण गुण 36, आणि साडेसव्वीसच्या आसपास रेघ मारलेली. त्याच्या खाली गुण आले की लैंगिक कार्यात बिघाड असण्याची शक्यता धरतात. दोन्ही कागद मेहनतीनं केलेले आहेत आणि ज्यांच्यासाठी केले त्यांना उपयोगीही पडतात. अडचण येते ती तेच कागद ट्रान्स व्यक्तींपुढे सरकवले की.

स्त्रियांच्या कागदावर 19 पैकी 15 प्रश्नांना एक उत्तर शून्य गुणांचं आहे: 'गेल्या चार आठवड्यांत लैंगिक क्रिया केलीच नाही', किंवा त्याच अर्थाचं काहीतरी. आता हिशेब करा. एखादी बाई महिनाभर एकटी होती, तिला इच्छा भरपूर आहे, आयुष्याबद्दल तक्रार काही नाही. उरलेल्या चारही प्रश्नांना तिनं पैकीच्या पैकी गुण दिले तरी, प्रत्येक भागाला ठरलेल्या प्रमाणानं गुणून, बेरीज होते दहा. छत्तीसपैकी दहा. म्हणजे कागदाच्या मते ती नापास. तिचं शरीर काम करत नाही असं कुणी तपासलेलंच नाही. नुसतं संधी न मिळाल्याचं शून्य आणि बिघाडाचं शून्य एकाच खात्यात जमा झालं.

ऑपरेशननंतर तर हे हमखास होतं. पहिले काही महिने जखम भरण्यात जातात, योनीची खोली टिकावी म्हणून रोज ठरल्या वेळी डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत दांडी, वापरायचा असतो, आणि तो वापरणं ही कसरत असते, प्रणय नव्हे. त्या काळात कागद भरून घेतला की शून्यांची रांग लागते. अशी एक ट्रान्स स्त्री माझ्यासमोर बसली होती. पेन हातात घेऊन तिनं एकामागून एक शून्याला गोल केले, मग थांबली, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'जोडीदार नाही. पण आता अंघोळ करताना दिवा बंद करत नाही.' कॉम्प्युटरच्या तक्त्यात समासाला रकाना नव्हता. मी शून्यं भरली.

ओलाव्याचे चार प्रश्न हा आणखी एक घोळ. योनी घडवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे शिश्नाची त्वचा उलटी करून तिचं अस्तर लावायचं. जॉर्ज ब्युरू या फ्रेंच डॉक्टरांनी ती 1956 पासून मोरोक्कोतल्या कासाब्लांकामध्ये वापरली. त्वचेला अर्थातच उत्तेजनेनं पाझर फुटत नाही, थोडाफार ओलावा येतो तो मूत्रमार्गाजवळच्या ग्रंथींतून. म्हणजे या चार प्रश्नांत ती कमीच पडणार. याउलट आतड्याचा तुकडा वापरून योनी केली असेल, तर आतड्याचं अस्तर चिकट स्राव दिवसभर सोडत राहतं, मनात काही असो वा नसो. ती बाई रोज पॅड वापरून कंटाळलेली असू शकते, आणि कागदावर मात्र तिला ओलाव्याचे भरघोस गुण. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते, आणि मग जुन्या फायली आठवून हसू विरलं.

ट्रान्स पुरुषांचं गणित याहून मजेदार. हाताच्या पुढच्या भागातली त्वचा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्यासकट घेऊन शिश्न घडवण्याची पद्धत 1984 साली चीनमधून पुढे आली. या शिश्नाला आपोआप ताठरता येत नाही. त्यासाठी पुढे आत फुगवता येणारं रोपण बसवतात, अंडकोशाच्या जागी ठेवलेला छोटा पंप दाबला की द्रव आत सरकतो. मुळात हे साधन नपुंसकत्वाच्या रुग्णांसाठी 1973 साली जगापुढे आलं. आता पुरुषांच्या कागदावर विचारतात, ताठरता किती वेळा आली, किती टिकली? पंप शाबूत असेल तर उत्तर 'नेहमी'. सुख कितपत? ते वेगळंच. आणि रोपण नको म्हणणारा, पण सुखात असलेला माणूस इथं भोपळा घेऊन घरी जातो.

संवेदना परत यायला वेळ लागतो, हेही या कागदांना ठाऊक नसतं. जोडलेला मज्जातंतू साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. अंतर पंधरा सेंटिमीटर असेल तर पाच महिने नुसते वाढीतच गेले, वर सुरुवातीला रेंगाळतो ते वेगळं. शिश्नात स्पर्श जाणवू लागण्याआधी सहसा रोपण बसवत नाहीत, कारण आतून काही टोचत असलं तरी माणसाला कळणार नाही आणि ते कातडी फोडून बाहेर येईल. म्हणून 'सहा महिन्यांनी लैंगिक कार्य' असं एखाद्या संशोधनपत्राच्या मथळ्यात दिसलं की मी आधी तारखा बघते.

या कामातून सगळ्यांच्याच उपयोगाचं काही निघालं, तेही सांगायला हवं. पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी काढताना ताठरतेचे मज्जातंतू वाचवणारी शस्त्रक्रिया 1982 सालापासूनची. स्त्रीच्या शिश्निकेची, म्हणजे क्लिटोरिसची, शरीररचना मात्र पुस्तकांत इतकी त्रोटक होती की हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियातल्या युरॉलॉजिस्ट बाईंना 1998 साली ती नव्यानं मांडावी लागली. दिसते ती फक्त टोकाची गाठ, बाकीचा मोठा भाग आत असतो. मज्जातंतूंच्या धाग्यांचं तर विचारूच नका. 'आठ हजार' हा आकडा वर्षानुवर्षं सगळीकडे फिरत होता, आणि तो आला होता गाईगुरांवरच्या अभ्यासातून! माणसातले धागे मोजले गेले ते अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये, शिश्न घडवण्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या सात ट्रान्स पुरुषांच्या संमतीनं. त्या ऑपरेशनमध्ये शिश्निकेचा मज्जातंतू नव्या शिश्नाला जोडायला कापावाच लागतो, त्यातला जरासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. दोन्ही बाजू धरून सरासरी निघाली 10,281. हा निबंध 2023 सालचा. म्हणजे आपण काल-परवापर्यंत गाईच्या हिशेबावर चाललो होतो.

आता उरला सगळ्यांत अवघड मुद्दा: तुलना कशाशी करायची? औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून दोन गट करता येतात, इथं नाही येत. मग ऑपरेशनच्या आधीची स्थिती घ्यायची, तर त्या काळात कित्येकांनी स्वतःच्या शरीराकडे पाहणंही टाळलेलं असतं. जननेंद्रिय उत्तम चालतंय आणि माणूस त्याला हातही लावत नाही, याला किती गुण देणार? शिवाय पुष्कळ रुग्ण दूरवरून येतात आणि वर्षभरानं फिरकत नाहीत. जे येतात ते एकतर खूश असतात नाहीतर त्रासलेले. मधले गप्प. त्यामुळे 'इतके टक्के समाधानी' हा आकडा ऐकला की मला आधी हवं असतं ते दुसरंच: किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं?

नवे कागद येताहेत, हे खरं. शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रियांसाठी वेगळी प्रश्नावली इटलीतल्या युरॉलॉजिस्टांनी 2020 साली मांडली. 'जेंडर-क्यू' नावाची प्रश्नावली तर अनेक देशांतल्या ट्रान्स व्यक्तींशी बोलून, त्यांच्याच शब्दांतून बांधली आहे. त्यात आपल्याला लागू असलेलेच भाग भरायचे असतात. मला ती पसंत आहे. पण जुन्या कागदांवर पंचवीस वर्षांचे निबंध उभे आहेत आणि तुलनेच्या मोहापायी संशोधक ते सोडत नाहीत. मीही लगेच सोडले नाहीत, कबूल करते.

तुमच्यापैकी कुणापुढे उद्या असा कागद आला, तर एवढं लक्षात असू द्या. प्रश्न न सोडवण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्यानं उपचारात फरक पडता कामा नये. जो प्रश्न तुमच्या शरीराला लागू नाही, त्याच्यापुढे शून्य करू नका, 'लागू नाही' असं स्पष्ट लिहा. समासात लिहायचं असेल तर तेही लिहा. माझ्या तक्त्यात आता त्यासाठी एक रकाना आहे.

नमस्कार.