सोप्यातला माणूस

मंडळी, आमच्या ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. शोकसभेत सगळे चांगलं बोलले. कष्टाळू, निर्व्यसनी, मनमिळाऊ. सगळं खरंच होतं. तरी ऐकताना माझा जीव तुटत होता, कारण ते शब्द कुणालाही लागू पडले असते. हे हसवणारे होते. दारातून आत आले की चपला काढायच्या आधी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, कुणाची तरी नक्कल सुरू व्हायची. ते कुणी काढलंच नाही. मयताच्या घरी थट्टेची गोष्ट बरी दिसत नाही, असं वाटलं असेल. आज तुम्ही मला बोलायला उभं केलंय, तर मी नेमकं तेच बोलणार आहे.

आमचं लग्न १९७४ सालचं, राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातलं. माझं माहेर मंगळवार पेठ आणि सासर शिवाजी पेठ. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही! शाहू स्टेडियमवर दोन्ही पेठांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की आमच्या घरात दोन देश व्हायचे. तेव्हा आमच्या घरातल्या बायका मॅचला जात नसत. मग हे परत येऊन सोप्यात ती मॅच पुन्हा खेळून दाखवायचे. दोन पाट म्हणजे गोल, उशी म्हणजे चेंडू. गोलकीपर हेच, पंच हेच, पंचाला शिव्या देणारं पब्लिकही हेच. माझी पेठ जिंकली तर हातात जिलेबीचा पुडा असायचा. "घ्या, तुमच्या माहेरानं आमचं नाक कापलं," म्हणायचे, आणि पहिला तुकडा सासूबाईंच्या हातावर ठेवायचे. सासूबाई कडक. पण पदर तोंडाला लावून हसायच्या. नवी सून होते मी, कुणाशी मान वर करून बोलायची हिंमत नव्हती. त्या हसण्यात मला त्या घरात जागा मिळाली. हे त्यांनी ठरवून केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण आयुष्य काही हसण्यासारखं नव्हतं. उद्यमनगरात लेथवर काम. हाताला ऑइलचा वास, बोटात रुतलेली लोखंडाची बर. ती मी सुईनं काढायची आणि हे तेवढ्यात फोरमनचा आवाज काढायचे. काम कमी असलं, पगार लांबला, की त्या रात्री हे पोरांना जास्त हसवायचे. पोरांना वाटायचं, आज आबा खूश आहेत. मला माहीत असायचं. म्हणून कुणी "ते काय, मजेत राहणारे" असं सहज म्हणालं की मला सांगावंसं वाटतं, की त्या मजेला फार बळ लागत होतं.

नातवंडं आली आणि ह्यांना कामच मिळालं. गंगावेशीत म्हशीची धार समोर ग्लासात पडते, ते धारोष्ण दूध पाजायला न्यायचे. फेसाची मिशी कुणाची मोठी, यावर पैज. ह्यांच्या खऱ्या मिशीमुळं हे कायम बाद! रविवारी मटण ह्यांनीच आणायचं आणि रस्साही ह्यांनीच करायचा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं की ढवळत राहावं लागतं, नाहीतर फुटतो. तर नातवंडांना स्टुलावर उभं करून, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत पळी फिरवायला लावायचे. घोष थांबला की पळी थांबली, असा नियम. नातीला आज पांढरा उत्तम जमतो. कुणी तिला शिकवतंय असं तिला कधी वाटलंच नाही.

ह्यांना मी रडताना क्वचित पाहिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं थिएटर, आणि शेजारी १९१२ चं खासबाग मैदान. एकीकडे नाटकं, दुसरीकडे कुस्त्या. ह्यांचं सगळं तारुण्य त्या दोन भिंतींच्या आसपास गेलेलं. खासबागेत कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही, हे सांगताना ह्यांना केवढा अभिमान वाटायचा! सकाळी काठी टेकत तिथं जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "गरिबाला हसायला महाराजांनी जागा दिली होती गं." मला वाटतं, ह्यांच्याविषयी मी काही सांगावं तर ते ह्या वाक्यापासून सुरू व्हावं.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवेना. मुलानं हात जोडले, "आबा, आईला सांभाळतो." कावळा लांबच. लेकीनं सांगून पाहिलं, भाच्यांनी सांगून पाहिलं. शेवटी ह्यांचे तालमीतले जुने मित्र पुढं झाले आणि म्हणाले, "दोस्ता, पुढच्या मॅचला वहिनींना घेऊन जातो." आणि कावळा आला. घाटावर आम्ही सगळे रडत रडत हसलो. मला त्या वेळी कसलाही संकोच वाटला नाही.

मित्रांनी शब्द पाळला. नातीला घेऊन मी स्टेडियमवर गेले, शिवाजी पेठेच्या बाजूला बसले आणि माझ्या माहेरानं गोल केल्यावर टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या पोरांनी आधी वळून पाहिलं, मग एकानं बसायला पेपर दिला.

वर्षश्राद्धाला आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला ह्यांची एक खोडी सांगायला लावणार आहोत. नात वहीत उतरवून घेणार आहे. लग्नानंतरचं मी सांगू शकते. पण त्याआधीचे हे, तालमीतले, रंकाळ्यात उड्या मारणारे, मला ऐकूनच माहीत आहेत, आणि ते पाहिलेली माणसं आता थोडी उरलीत. इथं मागच्या रांगेत त्यातले दोघेतिघे बसलेले मला दिसताहेत. तुम्ही आज चहाला थांबा. नातीनं वही आणली आहे.