मुख्याध्यापकांना मार्क कोण देणार?

श्रोतेहो, नमस्कार.

"मुख्याध्यापक बाई असल्या की शाळेत माया जास्त, शिस्त कमी," असं आपल्याकडे सहज बोललं जातं. हे ताडून पाहता येतं का? येतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अॅलिस ईगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये शाळाप्रमुखांवरचे ५० अभ्यास एकत्र करून तपासले. बायका सहकाऱ्यांना विचारून निर्णय घेतात, पुरुष हुकूम सोडण्याकडे जास्त झुकतात, हा त्यातला सगळ्यात ठळक फरक. पण माणसं सांभाळण्यात दोघांत म्हणावा असा फरक निघालाच नाही. उलट काम नेमून देणं, ते वेळेत करून घेणं यात बायकाच थोड्या पुढे. म्हणजे माया आणि शिस्त, दोन्हीकडे आपला अंदाज चुकला! अर्थात ही सरासरी आहे. तुमच्या गावच्या सरांचा स्वभाव त्यावरून ठरत नाही.

हे मोजायचं कसं? नेतृत्वाचे अभ्यासक बास आणि अव्होलिओ यांची ४५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण. मुख्याध्यापक नवी उमेद देतात, की 'काम करा, शाबासकी घ्या' एवढ्यावर भागवतात, की शाळा वाऱ्यावर सोडतात, हे त्यातून कळतं. तिचे दोन नमुने असतात: एक मुख्याध्यापकांनी स्वतःबद्दल भरायचा, दुसरा शिक्षकांनी त्यांच्याबद्दल. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटलं की हात सैल सुटतो, म्हणून दुसरा नमुना महत्त्वाचा.

मराठवाड्यात अडचण इथेच येते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेच्या वर मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. तांड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडेच पदभार. तिथे शिक्षकाने नाव न घालता फॉर्म भरला, तरी तो कोणी भरला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही! मग सगळे चार गुण देऊन मोकळे होतात. आणि शहरातल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका नि तांड्यावरचे प्रभारी गुरुजी यांची तुलना केली, तर दिसणारा फरक बाई-पुरुषाचा की शाळेचा? माझ्या मते बहुतेक शाळेचाच. म्हणून तुलना करायची तर सारख्या पटाच्या, सारख्या गावातल्या शाळांची करावी.

आणखी एक. बाहेरून आलेल्या प्रश्नावलीत ऊसतोड कुठून असणार? बीड भागातून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात आणि पालकांबरोबर मुलंही जातात. त्याआधी मुख्याध्यापक घरोघर जाऊन मुलं मागे ठेवायला पालकांना राजी करतात का, हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक वेळेत लावतात का, हे प्रश्न त्यात घालायला हवेत. आणि त्यांचे गुण शिक्षकांनी नव्हे, समितीतल्या पालकांनी द्यावेत. कायद्यानं या समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सहीपुरतं बोलावलं जातं की मतही विचारलं जातं, ते त्याच सांगतील.

नमस्कार.