कपाटात पडून राहिलेला डोंगर

श्रोतेहो, नमस्कार. घरातल्या वायरीत तांबं असतं, पंख्याच्या वाइंडिंगमध्ये असतं, हे मी नव्यानं काय सांगणार! आज गोष्ट आहे तांब्याच्या एका डोंगराची. तो पापुआत, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं.

साल 1936. आन्तोन कोलाइन, वैमानिक फ्रिट्स विसेल आणि भूवैज्ञानिक ज्याँ जाक डोझी हे तिघे कार्स्टेन्झची हिमशिखरं चढायला निघाले. विषुववृत्ताजवळ बर्फ! 1623 मध्ये यान कार्स्टेन्झ या डच दर्यावर्दीनं ते समुद्रातून पाहिलं, तर युरोपात त्याची टर उडवली गेली. ही तिघं मात्र जंगल तुडवत, चिखल-पावसातून वर पोचली. आणि तिथे हिरव्यागार कुरणात डोझींना दिसला एकच काळाकभिन्न सुळका. खडकाचे तुकडे फोडून घेतले, चित्र काढलं आणि नाव दिलं एर्ट्सबर्ग, म्हणजे खनिजाचा डोंगर. पण तिथून तांबं खाली आणायचं कसं? चंद्रावर सोन्याचा डोंगर सापडावा तसं ते होतं, असं डोझी पुढे म्हणाले.

1939 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला डोझींचा अहवाल छापला गेला. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. अहवाल कपाटात. वीस वर्षं कपाटात! 1959 च्या सुमारास निकेलच्या शोधात असलेल्या यान व्हान ग्रुइसेन यांच्या हाती तो अहवाल लागला. त्यांनी तो फ्रीपोर्ट या अमेरिकन खाण कंपनीच्या फोर्ब्स विल्सनना सांगितला. कॅस्ट्रो सत्तेवर आल्यानं कंपनीचा क्यूबातला निकेल प्रकल्प तेव्हा धोक्यात होता. 1960 मध्ये विल्सन स्वतः पायी तिथवर गेले. सुळका होता तिथेच होता.

आता पुढचं भरभर सांगतो. 1963 मध्ये हा प्रदेश इंडोनेशियाकडे आला. 1967 मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारशी फ्रीपोर्टचा खाणीचा करार झाला. लक्षात घ्या, करार 1967 चा. पापुआनं इंडोनेशियात राहायचं का, हा कौल 1969 चा, तोही हजारेक निवडक प्रतिनिधींचा. तिथल्या डोंगरात राहणाऱ्या ज्या आमुंगमे लोकांना ती शिखरं म्हणजे आईचं मस्तक वाटतं, त्यांना विचारलंच नाही.

कड्यावरून खनिज रोपवेनं खाली, मग दळून, पाण्यात कालवून शंभरावर किलोमीटरच्या नळातून समुद्रापर्यंत. 1972 अखेर पहिलं जहाज निघालं. 1977 मध्ये स्वतंत्र पापुआ मागणाऱ्या बंडखोरांनी तोच नळ कापला आणि लष्कर गावांवर उतरलं. 1988 मध्ये शेजारीच ग्रासबर्गचा त्याहून कितीतरी मोठा साठा सापडला, त्यात सोनंही भरपूर. एर्ट्सबर्गच्या जागी आता खड्डा आहे. दळून उरलेला गाळ आइक्वा नदीत सोडतात, आणि खाली कामोरो लोकांची मासेमारी असते. माझं मत विचाराल तर नदीला गटार करायची परवानगी कुठल्याच सरकारनं देऊ नये, मग सोनं कितीही निघो.

2018 अखेर इंडोनेशियानं या खाणीची 51 टक्के मालकी घेतली. सप्टेंबर 2025 मध्ये ग्रासबर्गच्या भुयारात ओल्या गाळाचा लोंढा आला, सात कामगार गेले, खाण थांबली. आणि जगाच्या बाजारात तांबं महागलं.